थंड प्रदेशातील बागेत पाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे प्रामुख्याने ब्रिटनमधील बागा डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. ब्रिटनचा हिवाळा तापमानाच्या आकड्यांत फारसा कडक नसतो, परंतु तो ओला, ढगाळ आणि लांबलेला असतो, आणि पामांच्या दृष्टीने हाच खरा अडचणीचा भाग आहे. नेदरलँड्स, पश्चिम जर्मनी किंवा अमेरिका-कॅनडाच्या वायव्य किनाऱ्यावरील सिएटल व व्हँकुव्हर येथे राहणाऱ्या वाचकांनाही यातील बहुतेक माहिती उपयोगी पडेल.

पाम हे उष्ण प्रदेशातील झाड असताना ते बर्फात कसे टिकते?

पामकुळात सुमारे अडीच हजार जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य जाती उष्ण कटिबंधातीलच आहेत. तथापि काही मोजक्या जाती डोंगराळ किंवा समशीतोष्ण प्रदेशात उत्क्रांत झाल्या असून दर वर्षीची गोठण त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे.

पामाची रचना आंब्या-फणसासारख्या झाडांपेक्षा मुळातच वेगळी असते, आणि पुढील सर्व उत्तरांचा आधार हीच रचना असल्यामुळे ती आधी समजून घ्यावी. पामाच्या खोडाला वाढीचे एकच ठिकाण असते, ते म्हणजे शेंड्यातील कोंब. फांद्या फुटणारे झाड शेंडा जळाला तरी खालून फुटते. एकखोडी पामाचा कोंब मेला की ते खोड संपले. त्यामुळे थंडीत पाने करपली तरी घाबरण्याचे कारण नसते, मात्र कोंबाला धक्का लागता कामा नये. थंडी सोसणाऱ्या जातींत हा कोंब देठांच्या तळाशी, तंतूंच्या दाट वेष्टणात खोल दडलेला असतो.

सुरुवात कोणत्या जातीपासून करावी?

ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी या जातीपासून, आणि ब्रिटनमधील दहांपैकी नऊ बागांना दुसऱ्या जातीची गरजही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. रोपवाटिकांत हा पाम ‘चुसान पाम’ किंवा ‘विंडमिल पाम’ या नावांनी मिळतो. त्याची पाने ताडासारखी पंख्याच्या आकाराची असतात आणि खोडावर तपकिरी तंतूंचे जाड आवरण असते. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या श्रेणीत त्याला एच ५ हा दर्जा आहे, म्हणजे उणे १० ते उणे १५ अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी तो सोसू शकतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्याला वाढीसाठी कडक उन्हाळा लागत नाही. १८-२० अंशांच्या मवाळ ब्रिटिश उन्हाळ्यातही तो नवी पाने काढत राहतो, आणि हा गुण इतर फारच थोड्या पामांत आहे.

युरोपात या पामाच्या बिया प्रथम जर्मन डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ सीबोल्ड यांनी १८३० साली जपानहून लायडेनला पाठवल्या. ब्रिटनमध्ये तो रुजला तो रॉबर्ट फॉर्च्यून यांच्यामुळे. चीनच्या किनाऱ्याजवळील झौशान बेटावर, ज्याला इंग्रज तेव्हा चुसान म्हणत, त्यांनी हा पाम पाहिला आणि १८४९ साली रोपे इंग्लंडला धाडली. त्यांतील काही लंडनच्या क्यू येथील वनस्पती उद्यानात आणि एक आइल ऑफ वाइटवरील ऑस्बोर्न हाउस या राजवाड्याच्या बागेत लावले गेले. ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपे हिमालयाच्या उतारांवर आणणारे फॉर्च्यून ते हेच. चिनी शेतकरी या पामाच्या तंतूंपासून पावसात अंगावर घेण्याचे झगे करीत. आपल्याकडे कोकणात जे काम इरले करते, तेच काम तो झगा करीत असे.

बाग वाऱ्याची असेल तर ट्रॅकिकार्पस वॅग्नेरियानस हा त्याचा बुटका, ताठर पानांचा भाऊबंद घ्यावा. फॉर्च्युनीची मोठी पाने वादळी वाऱ्याने चिरफाळतात, तर वॅग्नेरियानसची छोटी, कडक पाने वर्षभर नीटनेटकी राहतात. समुद्रकिनाऱ्यावरील बागांना मी हाच सुचवतो.

भारतातील एखादा पाम येथे उघड्यावर टिकतो का?

होय, आणि तो ट्रॅकिकार्पसचाच भाऊबंद आहे. उत्तराखंडमधील कुमाऊँ भागात, पिथौरागढजवळच्या डोंगरांत, सुमारे २,००० मीटर व त्याहून अधिक उंचीवर ट्रॅकिकार्पस टाकिल हा पाम नैसर्गिकरीत्या वाढतो आणि हिवाळ्यात त्याच्यावर बर्फही पडतो. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ बेक्कारी यांनी १९०५ साली त्याचे वर्णन केले. तो थंडीला फॉर्च्युनीइतकाच काटक मानला जातो. मात्र ‘टाकिल’ म्हणून विकली गेलेली पुष्कळ रोपे प्रत्यक्षात साधी फॉर्च्युनीच निघाली आहेत, कारण भारतातील थंड हवेच्या ठिकाणी फॉर्च्युनीची लागवडही भरपूर झालेली आहे आणि बिया बहुधा तिथूनच गोळा झाल्या. लहानपणी दोन्ही ओळखणे अवघड असते. बियांचा मूळ ठावठिकाणा सांगू न शकणाऱ्या विक्रेत्याला जास्त पैसे देऊ नयेत.

मेघालयातील खासी टेकड्यांत व नेपाळमध्ये आढळणारा ट्रॅकिकार्पस मार्शियानस दिसायला अधिक देखणा असला तरी तो थंडीला नाजूक आहे, त्यामुळे कॉर्नवॉलसारख्या सौम्य किनारपट्टीबाहेर त्याचा आग्रह धरू नये.

नारळ किंवा पोफळ लावता येईल का?

उघड्यावर येणार नाही. माडाला वर्षभर ऊब लागते. १५ अंशांखाली त्याची वाढ थांबते आणि गोठणबिंदूजवळ तो मरतो. दुकानात नारळासकट कुंडीत मिळणारे माडाचे रोप घरातही सहसा वर्ष-दीड वर्षापलीकडे जात नाही, कारण त्याला प्रकाश आणि दमटपणा दोन्ही कमी पडतात. पोफळीचे उत्तरही तेच.

उणे २० अंश सोसणारे पामही मिळतात; मग ते का घेऊ नयेत?

अमेरिकेच्या आग्नेय भागातील नीडल पाम, म्हणजे ऱ्हॅपिडोफायलम हिस्ट्रिक्स, हा थंडी सोसण्यात सर्व पामांत अग्रेसर समजला जातो आणि जम बसलेले झाड उणे २० अंशांतूनही वाचते. त्याच भागातील सबाल मायनर हाही जवळपास तितकाच काटक आहे. परंतु हे दोन्ही पाम जिथून येतात तिथे उन्हाळा दमट आणि ३०-३५ अंशांचा असतो, आणि हिवाळ्यात पोळलेले झाड त्या उष्णतेत भरून येते. ब्रिटनच्या उन्हाळ्यात त्यांना तेवढी ऊब मिळत नाही. परिणामी ते मरत नाहीत, पण वर्षाला जेमतेम एखाद-दुसरे पान काढून तसेच बसून राहतात. अशा वेळी थंडीचा आकडा खरा असूनही निवड चुकीची ठरते. न्यू जर्सी किंवा व्हर्जिनियात राहणाऱ्यांनी मात्र हे पाम अवश्य लावावेत. तेथील उन्हाळा त्यांना मानवतो.

आणखी कोणत्या जाती विचारात घ्याव्यात?

कॅमेरॉप्स ह्युमिलिस हा भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडील देशांतला झुडुपी पाम साधारण उणे १० अंशांपर्यंत टिकतो. त्याला तळापासून अनेक खोडे फुटतात, त्यामुळे एक खोड गेले तरी झाड राहते. इटलीतील पादुआच्या वनस्पती उद्यानात १५८५ साली लावलेला या जातीचा पाम अजून जिवंत आहे. जर्मन कवी गटे यांनी तो १७८६ साली पाहिला, म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मोरोक्कोच्या अ‍ॅटलास पर्वतातील त्याचा निळसर-रुपेरी प्रकार कोरड्या, उन्हाच्या जागी फार शोभतो.

चिलीचा जुबाया हा प्रचंड बुंध्याचा पाम उणे १२ अंशांच्या आसपास टिकतो, पण त्याच्या खोडाला आकार येण्यासाठी पंधरा-वीस वर्षे थांबण्याची तयारी हवी. क्यू येथील काचघरात १८४६ साली बीपासून वाढवलेला जुबाया पुढे थेट छताला जाऊन भिडला. दक्षिण अमेरिकेतील ब्युटिया पिसाऱ्यासारख्या निळसर झावळ्यांसाठी आणि मुरंबा करण्याजोग्या फळांसाठी आवडीने लावला जातो. निचरा उत्तम असेल तर तो उणे ८ ते १० अंशांपर्यंत तग धरतो.

दुकानांत सर्वांत स्वस्त मिळतो तो कॅनरी बेटांवरील खजूरवर्गीय पाम, फिनिक्स कॅनारिएन्सिस. लंडनच्या मध्यवर्ती भागात आणि दक्षिण किनाऱ्यावर तो वाढतो. परंतु उणे ६ अंशांनंतर त्याची पाने करपू लागतात. मिडलंड्स किंवा यॉर्कशरमध्ये तो जमिनीत लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. वॉशिंग्टोनिया या पामाची गतही तीच.

कॉर्डिलाइन आणि सायकस हे पाम आहेत का?

नाहीत. इंग्लंडच्या टॉर्की शहरात ‘टॉर्बे पाम’ म्हणून मिरवणारा आणि स्कॉटलंडमधील प्लॉक्टन गावाच्या प्रत्येक छायाचित्रात दिसणारा वृक्ष म्हणजे न्यूझीलंडचा कॉर्डिलाइन ऑस्ट्रॅलिस. तो शेंडा मेल्यावर बुंध्यापासून पुन्हा फुटू शकतो, जे खऱ्या एकखोडी पामाला शक्य नसते. ‘सागो पाम’ म्हणून विकला जाणारा सायकस हा तर पामांशी दूरचेही नाते नसलेल्या प्राचीन गटातील असून त्याचे सर्व भाग, विशेषतः बिया, विषारी असतात. घरात लहान मुले किंवा कुत्रा असल्यास हे ध्यानात ठेवावे.

लेबलवरील तापमानावर कितपत विसंबावे?

तो आकडा अंदाज म्हणून घ्यावा, हमी म्हणून नव्हे. एका रात्रीपुरते उणे १० अंश आणि दुपारी पुन्हा अधिक ५ अंश, हे ट्रॅकिकार्पस सहज सोसतो. परंतु पारा आठ-दहा दिवस सतत शून्याखाली राहिला की जमीन खोलवर गोठते, मुळांना पाणी मिळेनासे होते आणि वाऱ्याने पाने सुकत जातात. अशा वेळी उणे ६ अंशही भारी पडू शकतात. शिवाय लेबलवरील आकडा बहुधा जम बसलेल्या, खोड आलेल्या झाडाचा असतो. दोन वर्षांचे रोप त्याहून चार-पाच अंश कमी थंडी सोसते, म्हणजे उणे १५ ऐवजी उणे १० अंश, असे धरून चालावे.

कधीतरी येणारा अपवादात्मक हिवाळाही हिशेबात धरावा लागतो. जानेवारी १९८७ मध्ये सिली बेटांवरील ट्रेस्को येथील प्रसिद्ध बागेतील असंख्य झाडे थंडीने गेली, आणि तीही ब्रिटनमधील सर्वांत सौम्य हवेच्या ठिकाणी. डिसेंबर २०१० हा ब्रिटनमधील शंभर वर्षांतील सर्वांत थंड डिसेंबर होता; त्या वेळी कॉर्डिलाइन आणि कॅनरी पाम मोठ्या संख्येने मेले, तर ट्रॅकिकार्पस बहुतेक ठिकाणी वाचले.

जागा आणि माती कशी असावी?

जागा निवडताना आधी पाण्याचा विचार करावा, थंडीचा नंतर. पाम उन्हाळ्यात भरपूर पाणी पितो, पण हिवाळ्यात त्याच्या मुळाशी पाणी साचून राहिले तर मुळे कुजतात आणि दुबळे झालेले झाड थोड्या थंडीतही दगावते. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत असते तशी चिकण माती असेल तर खोल खड्डा खणून त्यात खडी भरण्याचा उपाय करू नये; भोवतालची माती पाणी सोडत नसल्यामुळे तो खड्डा पावसाळी विहिरीसारखा भरतो. त्याऐवजी जमिनीवर २०-३० सेंटीमीटर उंचीचा मातीचा उंचवटा करून त्यावर पाम लावावा, माती भरड वाळू आणि चांगले कुजलेले कंपोस्ट मिसळून भुसभुशीत करावी, आणि कुंडीत मातीची पातळी जिथे होती तिथेच ती ठेवावी. खोड मातीत पुरल्यास ते बुडापासून सडू शकते.

दक्षिण किंवा पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत दिवसाची ऊब साठवून रात्री परत देते, म्हणून नाजूक जातींना ती जागा द्यावी. ट्रॅकिकार्पस मात्र अर्धवट सावलीतही आनंदाने वाढतो. किंबहुना तेथे त्याची पाने अधिक हिरवीगार राहतात. उताराच्या तळाशी थंड हवा साचते, तिथे कोणताही पाम लावू नये.

लागवड केव्हा करावी?

एप्रिलअखेर ते जून. मुळे उबदार मातीतच वाढतात, आणि पहिल्या हिवाळ्यापूर्वी त्यांना पूर्ण उन्हाळा मिळणे आवश्यक असते. शरद ऋतूत सवलतीत मिळणारे रोप घेतल्यास ते वसंतापर्यंत कुंडीतच सांभाळावे.

हिवाळ्यात पाम गुंडाळून ठेवावा का?

दक्षिण इंग्लंडमध्ये जम बसलेल्या ट्रॅकिकार्पसला काहीही गुंडाळू नये. नोव्हेंबरात झाड बांधून मार्चपर्यंत तसेच ठेवण्याची पद्धत अनेक घरी दिसते आणि त्यामुळे होणारे नुकसान थंडीच्या नुकसानापेक्षा अधिक असते. आत ओल कोंडते, हवा खेळत नाही आणि बुरशी थेट कोंबापर्यंत पोचते. संरक्षण हवे ते ठरावीक लाटेपुरते.

लहान रोप, नाजूक जात किंवा उत्तरेकडील बाग असेल आणि उणे ८ अंशांखालील थंडीचा अंदाज असेल, तर कोरड्या दिवशी पुढीलप्रमाणे करावे. सर्व पाने हळूच वर गोळा करून सुतळीने सैल बांधावीत, म्हणजे ती कोंबाभोवती उभी राहतात. पानांच्या बेचक्यांत कोरडा पेंढा भरावा आणि बाहेरून बागकामाच्या पांढऱ्या फ्लीस कापडाचे दोन-तीन वेढे द्यावेत. प्लास्टिक कधीही वापरू नये. बुंध्याभोवती सालींच्या चुऱ्याचे १०-१५ सेंटीमीटर जाड आच्छादन घालावे, पण ते खोडाला चिकटू देऊ नये. पारा पुन्हा शून्याच्या वर चढला की फ्लीस आणि पेंढा काढून घ्यावा. काही जण दिव्यांच्या माळा गुंडाळतात. जुन्या तारेच्या दिव्यांना थोडी ऊब असे, आताच्या एलईडी माळांनी केवळ रोषणाई होते. ऊब हवी असल्यास बाहेर वापरण्याची गरम होणारी तार वेगळी मिळते.

खोडावरील तंतू सोलून ते गुळगुळीत करण्याची फॅशन आहे. थंड भागात तसे करू नये.

बर्फ पडल्यास काय करावे?

ओला, जड बर्फ पानांवर साचला तर देठ मोडतात, म्हणून तो काठीने न बडवता हाताने खालून हलकेच झटकावा. मुळांवरील जमिनीवर पडलेला बर्फ तसाच राहू द्यावा; तो चांगले आच्छादन ठरतो.

वसंतात मधले न उमललेले पान ओढताच हातात आले. झाड मेले का?

बहुधा नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि नेमक्या याच टप्प्यावर लोक वाचू शकणारे झाड उपटून टाकतात.

मधोमध तलवारीसारखे उभे, मिटलेले पान म्हणजे कोंबातून निघालेली सर्वांत नवी सुरळी. थंडीने तिचा तळ मरतो, त्यात पाणी शिरते आणि कुजण सुरू होते. कोकणातील बागायतदार ज्याला माडाचा कोंब कुजणे म्हणतात, तसाच हा प्रकार असतो. फेब्रुवारीअखेरीस सुरळी दोन बोटांत धरून हलकेच वर ओढून पाहावी. ती घट्ट असेल तर काळजी नाही. ती सुटून आली तर तिचे टोक पाहावे: तपकिरी, बुळबुळीत आणि आंबूस वास येणारे असेल तर कुजण चालू आहे.

अशा वेळी पोकळीतील सर्व सडका भाग काढून टाकावा, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड त्यात ओतावे, फेस बसल्यावर ते टिपून घ्यावे आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा तसेच करावे. त्यानंतर वरून पाऊस पडू नये म्हणून झाकण करावे, मात्र बाजूंनी हवा खेळती ठेवावी. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे बोर्डो मिश्रण ब्रिटनमध्ये घरगुती बागेसाठी विकले जात नाही, त्यामुळे ते शोधत बसू नये. कुजण खाली उतरत असेल तर धारदार करवतीने शेंडा थोडा थोडा आडवा कापत जावे आणि पांढरा, टणक, ओलसर गाभा दिसताच थांबावे. कापलेल्या पृष्ठभागाच्या मध्यभागी दाट वर्तुळे दिसत असतील तर कोंब जिवंत आहे. काही आठवड्यांत तो मधला भाग पेन्सिलीएवढ्या हिरव्या खुंट्यासारखा वर सरकू लागतो. पहिली एक-दोन पाने आखूड व वेडीवाकडी येतात, मग झाड सुधारते. ऑगस्टपर्यंत काहीच हालचाल झाली नाही, तरच झाड काढण्याचा निर्णय घ्यावा.

पाने पिवळी पडतात किंवा टोके तपकिरी होतात, ते कशामुळे?

सर्वांत खालची जुनी पाने वाळणे स्वाभाविक आहे. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि मध्य हिरवा राहत असेल तर मॅग्नेशियमची कमतरता असते. एप्सम सॉल्ट पाण्यात विरघळवून मुळाशी घालावे. ठिपके पडून टोके करपत असतील तर पोटॅशची उणीव संभवते. पूर्ण झाडच फिकट दिसत असेल तर नत्र कमी पडत आहे किंवा मुळांशी पाणी साचते आहे. पामांसाठी असलेले सावकाश विरघळणारे खत एप्रिल ते जुलै या काळात द्यावे. ऑगस्टनंतर दिलेल्या खताने कोवळी वाढ फुटते आणि ती पहिल्याच गोठणीत सापडते.

छाटणी कशी करावी?

पूर्ण वाळलेली पानेच कापावीत आणि देठाचा बोटभर खुंट राखावा. हिरव्या पानांतील पोटॅश झाड नव्या वाढीसाठी ओढून घेते, त्यामुळे हिरवी पाने कापल्यास झाडाची उपासमार होते. कॅमेरॉप्सच्या देठांना तीक्ष्ण काटे असतात. जाड हातमोजे घालावेत.

कुंडीत वाढवायचा असल्यास?

ट्रॅकिकार्पस आणि कॅमेरॉप्स दोन्ही कुंडीत वर्षानुवर्षे राहतात. मात्र कुंडीतील मुळे चारही बाजूंनी गोठतात, त्यामुळे जमिनीत उणे १२ अंश सोसणारे झाड कुंडीत उणे ५-६ अंशांतच अडचणीत येते. कडाक्याच्या लाटेत कुंडी भिंतीलगत सरकवून गोणपाटाने गुंडाळावी. निव्वळ पीटऐवजी जॉन इन्स क्रमांक ३ सारखे मातीयुक्त मिश्रण वापरावे; ते वजनदार असते आणि वाऱ्यात कुंडी कलंडत नाही.

मुळांमुळे घराच्या पायाला धोका आहे का?

पामांची मुळे दोरीसारखी असतात आणि ती वयानुसार जाड होत नाहीत, त्यामुळे ओक किंवा विलोसारखा धोका नसतो. भिंतीपासून दीड-दोन मीटर अंतर ठेवावे, ते पानांच्या पसाऱ्यासाठी.

कोणत्या किडींची काळजी घ्यावी?

कोकण-गोव्यातील माडांना पोखरणारा सोंड्या भुंगा गेल्या काही दशकांत भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर पसरला असून कॅनरी पामांचा त्याने मोठा संहार केला आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेला पेसँडिसिया हा मोठा पतंग ट्रॅकिकार्पस व कॅमेरॉप्सची खोडे आतून पोखरतो. उमललेल्या पंख्यावर ओळीने समान भोके दिसली तर तो त्याचाच माग असतो. या दोन्ही किडी प्रवास करतात त्या मोठ्या आयात झाडांतून. म्हणून स्पेन किंवा इटलीहून आलेला मोठा पाम घेण्यापेक्षा स्थानिक रोपवाटिकेत वाढलेले लहान रोप घेणे शहाणपणाचे ठरते, आणि ते लवकर रुजतेही.

पाम आपोआप पसरून उपद्रव होऊ शकतो का?

ट्रॅकिकार्पसमध्ये नर आणि मादी झाडे सहसा वेगळी असतात. जवळपास दोन्ही असतील तर मादीवर निळसर काळ्या फळांचे घोस लागतात आणि पक्षी बिया दूर नेतात. स्वित्झर्लंडच्या टिचिनो प्रांतात, लागो माज्जोरे सरोवराच्या परिसरातील जंगलांत हा पाम इतका माजला आहे की १ सप्टेंबर २०२४ पासून त्या देशात त्याची विक्री, आयात आणि भेट म्हणून देणेही बंद करण्यात आले. तेथील नातेवाइकांसाठी ब्रिटनहून रोप किंवा बिया नेऊ नयेत. ब्रिटनमध्ये अशी बंदी नाही. तरीही बाग जंगलालगत असेल तर मादी झाडाचे फुलोरे सुकताच, फळे धरण्यापूर्वी, शिडी लावून कापून टाकावेत.